रथसप्तमीची सुकती धरून: कल्याण ते दिवाळे, पाण्याच्या वाटेने

ठाण्यात राहणाऱ्यांना आपण बेटावर राहतो याची सहसा आठवण नसते. साष्टी हे बेटच आहे. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि दोघींना जोडणारा साकेत-कळव्याजवळचा चिंचोळा पट्टा. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, बदलापूर करत कल्याणला येते आणि तिथे तिला समुद्राची भरती भेटते. कल्याणच्या खाली ती अर्धी नदी, अर्धी खाडी. आगगाडी येण्याआधी या मुलखातला माल, मीठ, लाकूड, फौजा, वऱ्हाडं सगळं याच पाण्यावरून गेलं. इथले किल्ले आणि बंदरं जिथे आहेत तिथेच का आहेत, हे रस्त्यावरून उमगत नाही. ते पाण्यावरून पाहायचं होतं, चार दिवसांत, कल्याणहून वसईला आणि तिथून ठाण्यावरून बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यापर्यंत.

होडी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या एका तांडेलांची, म्हणजे होडी चालवणाऱ्या नाखव्यांची. फायबरची, मागे इंजिन, पुढच्या टोकाला नाळेवर ‘आई एकवीरा प्रसन्न’. तांडेलकाका, त्यांचा पुतण्या, मी आणि माझी मावशी. मावशी डोंबिवलीत शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे काका तिला पहिल्या भेटीपासून ‘बाई’च म्हणू लागले. ठरवाठरवीच्या वेळी त्यांनी मोबाइल काढला नाही, तिथी विचारली. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. सप्तमीला सव्वापाच. हे मुंबईच्या दर्याचं गणित. तेच पाणी वळणं घेत कल्याणला पोचायला आणखी काही तास लागतात, म्हणजे सप्तमीला सकाळी आठच्या सुमारास दुर्गाडीखाली भरती पुरी होणार आणि पाणी खाली सुटणार, म्हणजे सुकती लागणार. शिवाय अष्टमीच्या आजूबाजूला भांग असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणासारखं पाणी चढत नाही आणि उतरतही नाही, ओढ कमी असते. पुलांखालून आणि खडकांवरून जाणाऱ्या लहान होडीला तेच सोयीचं. म्हणून रथसप्तमी धरली.

पहिला दिवस: कल्याण ते कोलशेत

काकांनी आदल्या संध्याकाळच्या भरतीवर होडी वर आणून ठेवली होती. आम्ही उजाडता दुर्गाडीखाली पोचलो. वाटेत एका चाळीच्या अंगणात गोवऱ्यांवर बोळकं ठेवून दूध उतू घालणं चाललं होतं, रांगोळीत सूर्याचा रथ. पाण्यावर धुकं होतं आणि जलपर्णीचे हिरवे तराफे वरच्या अंगाने हळूहळू येत होते. पुतण्या नाळेवर बांबू घेऊन उभा राहिला आणि एकेक तराफा बाजूला सारत होडी प्रवाहात काढली. जलपर्णी पंख्यात अडकली की इंजिन गुदमरतं, मग ते वर उचलून हाताने मुळं काढावी लागतात. पहिल्या वळणापर्यंत इंजिन चालूच केलं नाही. पाणीच नेत होतं.

दुर्गाडी खालून पाहिला की तो टेकडीवरचा किल्ला राहत नाही, बंदराचा पहारेकरी होतो. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी कल्याण आणि भिवंडी शिवाजी महाराजांकडे आली आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात या पाण्यावर झाली. जहाजं बांधायला इथे पोर्तुगीज कारागीरही लावले होते. मनात प्रश्न येतो की समुद्र इतका लांब असताना आरमार इथे कसं? होडीत बसल्यावर उत्तर मिळतं. पाणी खोल आहे, वारा लागत नाही, मागच्या डोंगरांतून सागवान येतं, आणि समुद्रावरून कोणी चालून आलं तर त्याला खाडीची सगळी वळणं पार करत भरतीची वाट पाहत यावं लागतं. कल्याणचं बंदर त्याहून कितीतरी जुनं. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी वाटाड्या-ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांनी दिलेली दानं कोरलेली आहेत. तो दाता कान्हेरीला गेला असेल तर बहुधा याच पाण्यावरून गेला असेल.

पलीकडे उजव्या हाताला कोनगाव मागे पडलं. डाव्या तीरावर डोंबिवलीच्या इमारती दिसू लागल्या, पण दूर, तिवरांच्या म्हणजे खारफुटीच्या मागे. मावशीची चाळीस वर्षं त्या गावात गेली आणि तिने ते पाण्यावरून कधी पाहिलं नव्हतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मुलांना नकाशावर उल्हास काढायला लावायचे मी. निळी रेघ. मोठागावच्या रेतीबंदरावर एकदा तरी न्यायला हवं होतं त्यांना.”

रेतीची गोष्ट काकांनी सांगितली. पूर्वी डुबीवाले असत. होडीतून बांबू तळाला रोवायचा, तो धरून श्वास कोंडून खाली जायचं, बादलीत रेती भरायची, वरच्या माणसाने दोर ओढायचा. दिवसभर तेच. कानातून रक्त येई. नंतर सक्शन पंप आले आणि एका रात्रीत डुबीवाल्यांच्या महिन्याभराची रेती निघू लागली. काकांनी हाताने एक जागा दाखवली, जिथे काठ तुटून तिवरांची मुळं उघडी पडून लोंबत होती. “तळ खरवडला की काठ बसतो, ताई. पानी आपली जागा मागून घेतं.” तिथे थांबलो. मुळांखाली चिखलाचा कापलेला उभा थर दिसत होता. वर काळा गाळ, त्यात प्लास्टिकच्या पिशव्यांच्या कडा पानांसारख्या एकावर एक, आणि खूप खाली शिंपल्यांचा पांढरा पट्टा. प्लास्टिकचा थर हातभर जाड होता.

मोठागाव-माणकोलीचा नवा पूल आणि दिवा-वसई रेल्वेचा पूल मागे टाकले. उजवीकडे अंजूर. गंगाजी नाईक अंजूरकरांचं गाव. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून या घराण्याने पुण्यात पेशव्यांकडे खेटे घातले, साष्टीच्या खाड्या, उतार, बंदोबस्त यांची माहिती पुरवली आणि १७३७ साली मोहीम निघाली तेव्हा स्वतः आघाडीला राहिले. वसईचं श्रेय चिमाजी अप्पांना मिळतं आणि ते योग्यच आहे, पण ही खाडी तळहातावर जाणणारी माणसं नसती तर पुण्याची फौज चिखलातच रुतली असती. शाळेच्या पुस्तकात अंजूरला एक ओळ तरी हवी, असं मला मनापासून वाटतं. किनाऱ्यावर काही दिसत नाही. तिवरं, एक मोडका धक्का, धुणं धुणाऱ्या बायका. त्यांनी हात केला.

मुंब्र्याला पारसिकचा डोंगर एकदम अंगावर येतो. वर देवीचं देऊळ, खाली लोकल, तिच्या खाली रेतीबंदर, आणि शेवटी आपण. लोकलमधून ही खाडी काही क्षण दिसते आणि बोगदा येतो. इथून मात्र गाडी जाताना दिसली, दारात लटकलेली माणसंही. उन्हं वर आली होती. मावशीने तीळगुळाचा डबा काढला, काकांच्या घरून आलेली तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. खारेगावच्या पुलाखालून जाताना वरून ट्रकांचा सलग गडगडाट ऐकू येत होता.

पुढे डावीकडून साकेतचा फाटा येऊन मिळतो. त्यात तिसऱ्या दिवशी शिरायचं होतं, म्हणून सरळ निघालो. काशेलीचा पूल, काल्हेरची गोदामं, आणि ओहोटी संपता संपता कोलशेत. मुक्काम गावातच, आत्याकडे.

दुसरा दिवस: कोलशेत ते वसई

सव्वीस जानेवारी. बंदरावर पोरांनी झेंडा लावला होता. आठच्या सुमारास सुकती लागली आणि निघालो.

कोलशेत, काल्हेर, डोंबिवली, मीरा-भाईंदर अशा ठिकाणी जेट्ट्या बांधायचं काम सरकारने हाती घेतलं, कारण हा राष्ट्रीय जलमार्ग आहे. २०१६ च्या कायद्याने देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले, त्यात कल्याण-ठाणे-मुंबई, वसईची खाडी आणि उल्हास मिळून ५३ व्या क्रमांकाचा, १४५ किलोमीटरचा. रोज घोडबंदर रोडवर तासन्‌तास अडकणाऱ्या माणसाने हा आकडा लक्षात ठेवावा. त्या रस्त्याला समांतर, त्याहून कितीतरी रुंद वाट रिकामी पडून आहे. आमच्याशिवाय सकाळभर पाण्यावर दिसले ते मासेमारीच्या होड्यांचे ठिपके.

गायमुखपर्यंत डावीकडे उंच इमारती. मग डोंगर पुढे सरकतो आणि खाडी अरुंद, खोल होते. इथून घोडबंदरपर्यंतचा तुकडा हा सगळ्या प्रवासातला सर्वांत देखणा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं रान डावीकडून पाण्यापर्यंत उतरतं आणि त्याच उद्यानाचा नागला भाग खाडी ओलांडून उजव्या तीरावर आहे. मधे आपण. पळसाला अजून फुलं नव्हती, सावर निष्पर्ण होऊन लाल झाली होती. काकांनी इंजिन बंद केलं. ब्राह्मणी घार पाण्यावर झेपावून काहीतरी उचलून घेऊन गेली. काठावर तिवर, त्यात मधेमधे चिपीची उंच, झुकलेल्या फांद्यांची झाडं आणि पाण्याच्या कडेला काटेरी पानांची मारांडी. चिखल उघडा पडत होता तसतशा निवट्या, चिखलात राहणारे छोटे मासे, बाहेर येऊन पंखांवर सरपटू लागल्या. चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांच्या बुडख्यांना ओल होती, वरच्या भागावर कोरडा गाळ. पाणी किती उतरलं ते त्यावरून मोजता येत होतं.

उजवीकडून भिवंडीची कामवारी या खाडीला मिळते. तिच्या पाण्याचा रंग वेगळा होता आणि वासही. पुढे बराच वेळ तो पट्टा मुख्य पाण्यात मिसळत नव्हता. काकांच्या लहानपणी याच भागात जिताडा मासा पाग (हातजाळं) टाकून मिळायचा. आता मिळाला तर गावभर सांगतात.

घोडबंदरचा किल्ला टेकडीवर, पोर्तुगीजांनी बांधलेला, १७३७ च्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. खालून पाहिलं की जागेची निवड कळते. वसईकडून येणारी प्रत्येक शिडाची होडी इथे वळणावर वेग कमी करते आणि बुरुजाच्या टप्प्यात येते. वर्सोवा पुलांच्या खाली पाण्याला ओढ होती, काकांनी सुकाणू दोन्ही हातांनी धरलं.

मग खाडी रुंदावते, वारा समोरून येतो आणि पाण्याला मिठाचा वास लागतो. भाईंदर-नायगावच्या रेल्वेपुलांपाशी पाणजू बेट आहे. वर मिनिटामिनिटाला लोकल जातात, आणि गावाला जायला मात्र होडी. तिथे बोकशीवाले पाणी थांबायची वाट पाहत होते. सुकतीत बोकशी लावतात: दोन खुंटांमधे तोंड उघडं ठेवून बांधलेलं, मागे निमुळतं होत गेलेलं जाळं. पाणी त्यातून वाहत राहतं, मासळी शेवटच्या पिशवीत साचते. पाणी थांबलं की उचलायचं, कारण भरती लागली तर सगळं उलट वाहून जाईल. आम्ही शेजारी होडी लावली. दोघा भावांनी पिशवीची गाठ सोडली आणि तळाशी ढीग पडला. पहिल्यांदा दिसलं ते प्लास्टिक: शाम्पूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, चपलेचा पट्टा. धाकट्याने ते उचलून कोपऱ्यातल्या गोणीत भरलं, परत पाण्यात टाकलं नाही. मग जवळा, थोडी कोलंबी, दोन शिंगाळे, बोटाएवढी बोयटं, एक चिंबोरी. शिंगाळ्याचा काटा वाचवत मासे वेगळे करताना त्यांची बोटं थांबत नव्हती. गोणी मासळीच्या टोपलीपेक्षा मोठी होती. विचारलं की ही गोणी जाते कुठे? “घरी. कचऱ्याच्या गाडीत. पुन्हा आमच्याच जाळ्यात यायला नको ना.” त्यांनी मूठभर कोलंबी मावशीच्या डब्यात घातली आणि पैसे घेतले नाहीत.

वसईच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत. काकांनी सरळ न जाता मोठा वळसा घेतला, भाईंदरहून २०२४ पासून सुरू झालेल्या रो-रो बोटीची वाट लक्षात ठेवून. पाचूबंदरला काकांच्या ओळखीचं घर होतं. रात्रीच्या जेवणात ती कोलंबी होती.

तिसरा दिवस: वसई ते चेंदणी

भरती दुपारी लागणार होती, त्यामुळे सकाळ किल्ल्यात घालवली. वसईचा किल्ला पुष्कळांनी पाहिलेला असतो, म्हणून थोडक्यात. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत इथे चर्च, मठ, रुग्णालय, जहाजं बांधायची गोदी असं एक पुरं शहर होतं. मराठ्यांनी इथल्या चर्चच्या घंटा देवळांना वाहिल्या, मेणवलीला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही आहेत. मावशी पडक्या चर्चच्या कमानीत बसून राहिली. मी दर्यादरवाज्यातून बाहेर येऊन पाहिलं. दार थेट पाण्यावर उघडतं. जमिनीकडच्या दाराला नागमोडी वाट आणि जाड भिंती, पाण्याकडे मात्र घराच्या अंगणासारखा मोकळेपणा. शत्रू जमिनीवरून येईल आणि मदत पाण्यावरून, हे त्यांचं गणित. चिमाजी अप्पांनी मदतीच्या वाटाच आधी तोडल्या. ठाणे, घोडबंदर, मग भोवतालची ठाणी, आणि सरतेशेवटी वसई. आम्ही दोन दिवसांत ज्या क्रमाने आलो होतो, साधारण त्याच वाटेने ती मोहीम उलगडत आली होती.

दुपारी एकनंतर पाणी वर चढू लागलं. वारा पाठीमागून, भरती पाठीमागून. इंजिन मंद ठेवूनही होडी काल तासन्‌तास लागलेलं अंतर भराभर कापत होती. काल उघडे दिसलेले चिखल आता झाकले गेले, निवट्या गेल्या, तिवरांच्या बुंध्यांपर्यंत पाणी. घोडबंदर, नागला, गायमुख उलट क्रमाने. उन्हाची दिशा बदलली की तेच डोंगर निराळे दिसतात.

काशेलीचा पूल मागे टाकला आणि काकांनी उजवीकडे साकेतच्या फाट्यात होडी वळवली.

हा तुकडा छोटा आहे आणि सबंध प्रवासाची किल्ली आहे. वसईची खाडी आणि ठाण्याची खाडी इथे जोडल्या जातात. पाणी फार उतरलं तर तळाचे खडक लागतात, फार चढलं तर पुलांखाली डोकं लागतं. मोठ्या होड्यांनी कायम मधली वेळ साधली. काका घड्याळ न पाहता पुलाच्या खांबावरचे कालवांचे थर पाहत होते. कालवं जिथपर्यंत चिकटतात तिथपर्यंत रोजचं पाणी येतं, त्यावरून किती हात राहिलं ते कळतं. साकेतच्या पुलाखाली त्यांनी इंजिन अगदी कमी केलं. “इथं दोन्हीकडचं पानी भेटतं,” ते म्हणाले. एक भरती वसईकडून चढत आलेली, दुसरी मुंबई बंदराकडून. मी खाली पाहत होते. पुढे काही अंतरावर पाण्यावर आडवी रेघ होती. फेस, निर्माल्य, झेंडूच्या माळा, थर्माकोलचे तुकडे, सगळं एका ओळीत थांबलेलं. आमच्या बाजूचा कचरा पुढे सरकत होता, पलीकडचा आमच्याकडे, आणि रेघेवर दोन्ही जागच्या जागी. होडी तिच्यावरून गेली तेव्हा सुकाणू क्षणभर हलकं पडलं आणि मग उलट्या बाजूने ओढ लागली. मावशी उठून उभी राहिली. एवढी वर्षं फळ्यावर शिकवलेली भरती तिला नाळेवरून दिसत होती.

कळव्याच्या पुलांपाशी उजव्या हाताला ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह. ही भिंत म्हणजे ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला होता आणि काम पुरं होण्याआधीच, १७३७ मध्ये, मराठ्यांनी घेतला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांकडे गेला. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ मध्ये याच किल्ल्यातल्या कैदेतून निसटले. होडीतून पाहताना किल्ल्याचा अर्थ सरळ आहे: ज्याच्या हातात हा बुरुज, त्याच्या हातात दोन्ही खाड्यांमधलं दार. दार आवळलं की कल्याण, वसई आणि मुंबई एकमेकांपासून तुटतात.

आणि मग रेल्वेचे पूल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली गाडी ठाण्याला आली, तेव्हा तिची वाट या पाण्याने अडवली होती. पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये, गाडी खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेली. त्या दिवसापासून पाण्याची वाट मागे पडत गेली. कमानीखालून जाताना वरून जलद लोकल गेली आणि पाण्याची सगळी पातळी थरथरली. संध्याकाळी पाचच्या पुढे चेंदणीला लागलो. काकांच्या घरच्या बायका बंदरावर उभ्या होत्या. पाणी अजून चढत होतं.

चौथा दिवस: चेंदणी ते दिवाळे

सकाळी नवाच्या सुमारास दशमीची सुकती. कोपरीच्या मीठबंदराजवळून निघालो. इथून गलबतं मीठ भरून जात. मुलुंड, भांडुपच्या बाजूला मिठागरं अजून दिसतात, त्यांतली बरीच आता ओस. पूर्वतीरावर खाजणाचे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीचे, बांध आणि त्यांतल्या उघाड्या. भरतीला दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं. बांध फुटला तर शेत खारं होतं, म्हणून बांधावर गावाने मिळून राबायची जुनी रीत होती.

ऐरोलीच्या पुलाच्या पुढे खाडी इतकी रुंद होते की दोन्ही तीरं धूसर दिसतात. हे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य: २०१५ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १७ चौरस किलोमीटर, आणि २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत. काकांनी मुख्य प्रवाह सोडला नाही. उघड्या पडणाऱ्या गाळावर होडी नेली तर पक्षी उठतात आणि खाण्याचा वेळ वाया जातो. ज्यांना जवळून पाहायचे आहेत त्यांच्यासाठी ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून वनखात्याची होडी आहे.

तरीही दिसले. आधी गुलाबी पट्टा, मग त्या पट्ट्याला माना फुटल्या. मान उलटी करून, चोच गाळात बुडवून, पाय नाचवत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पुढे सरकत होते. बारीक शैवाल गाळून खातात, त्यातूनच गुलाबी रंग येतो. त्यांत लहान रोहित जास्त, मोठे थोडे आणि पांढुरके. शेजारी शेकाट्यांची गर्दी, कडेला कुदळे. पाणी उतरेल तसा थवा त्याच्या मागे मागे खोल भागाकडे सरकत होता. आम्हीही त्याच सुकतीवर निघालेले. याच गाळाच्या खूप खाली बुलेट ट्रेनचा बोगदा जायचा आहे, वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा या २१ किलोमीटरपैकी ७ किलोमीटर खाडीखालून.

वाशीला पुलांची रांग. १९७३ चा पहिला, १९९७ चा दुसरा, रेल्वेचा आणि आताचा तिसरा. पहिल्या पुलाने नवी मुंबई उभी केली. ती वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, १९७० चं. ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. ती गावं बहुतेक आगरी-कोळ्यांची, मीठ, भात आणि मासळीवर जगणारी. जमिनीचा मोबदला मिळण्यासाठी लढे झाले, पण खाडीचा मोबदला कोणी मागावा आणि कसा मोजावा? काकांनी हा प्रश्न आवाज न चढवता विचारला. मावशीकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

पनवेलच्या खाडीत वळलो तोवर पाणी फार उतरलं होतं. डावीकडे बेलापूरचा किल्ला. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, आणि १८१७ मध्ये इंग्रज. पलीकडे नव्या विमानतळाचा मुलूख. त्यासाठी उलव्याचा डोंगर कापला आणि उलवे नदीचं पात्र वळवलं. बेलापूरच्या जेट्टीवरून २०२२ साली वॉटर टॅक्सी सुरू झाली होती, तिथे त्या दुपारी कोणी नव्हतं. दिवाळे कोळीवाड्याच्या बंदरावर मात्र गडबड होती. होड्या गाळात तिरप्या बसलेल्या, बायका वाटे लावून बसलेल्या, बर्फाची गाडी उलटी येत होती. होडी धक्क्याला लागेना, तेव्हा पुतण्याने फळी टाकली आणि मावशीला हात धरून उतरवलं.

कोणाला जायचं असेल तर काही गोष्टी. होडी सागरी मंडळाकडे नोंदलेली, तांडेल त्याच पाण्याचा आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट, या तीन गोष्टींवर तडजोड नको. पावसाळ्यात अजिबात नाही. दिवाळीनंतर ते फाल्गुनापर्यंत. पौर्णिमा-अमावास्या टाळावी, सप्तमी ते दशमी बरी. चार दिवस जमत नसतील तर कोलशेत ते घोडबंदर एका सुकतीत होतं आणि तेवढ्यासाठीही यावं. डिझेल आणि दोन माणसांची मजुरी आधी ठरवावी, आणि त्यात होडी परत न्यायचा दिवस धरावा. आपण लोकलने घरी जातो, तांडेलाला पुढच्या भरतीची वाट पाहावी लागते.